वाफेचा दाब सांगता येणार नाही

अमळनेर स्टेशनावर मला पोहोचवायला बायको आली होती, ही आमच्या घरात नवलाची गोष्ट. पंधरा वर्षं मी आरमारात होतो, आणि लग्न झाल्यापासून रजा संपवून मी निघालो की सुमन दारातूनच परत फिरायची. कुठं चाललात, किती दिवस, जहाज कुठल्या बंदराला लागणार, यातलं मी काहीच सांगत नसे. मग स्टेशनापर्यंत येऊन तिनं विचारायचं तरी काय? या खेपेला मात्र सगळं जगजाहीर होतं. आरमारातून सुटून महिना झाला होता. डहाणूच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी समुद्रकाठी अणूच्या उष्णतेवर वीज करणारं केंद्र नुकतंच सुरू झालं होतं, तिथं माणसं घ्यायची होती, आणि मुलाखतीची एक फेरी सुरतेच्या एका कॉलेजात होती. नोकरीबरोबर दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोन पोरं झाली, तरी आम्ही नवराबायको सलग दोन महिनेसुद्धा एका छपराखाली राहिलो नव्हतो, त्यामुळं नोकरीपेक्षा त्या दोन खोल्यांवरच आमचा जीव अडकला होता.

गाडी हलली तशी ती म्हणाली, "तठे जरा मोकळं बोला." (तठे म्हणजे तिथं. आमच्या घरात अहिराणीच चालते.) मला तो सल्ला अगदी अनाठायी वाटला. माझ्याकडं पदवी नव्हती, शिफारस नव्हती. होती ती एकच गोष्ट, तोंडाला घातलेलं कुलूप. सरकारी गुपितांच्या कागदावर मी अठराव्या वर्षी सही केली होती आणि त्या सहीचा मला लग्नाच्या सहीपेक्षा जास्त अभिमान होता.

तापीकाठानं जाणारी ती पॅसेंजर गाडी घाई म्हणून करत नाही. नंदुरबारला एक निवृत्त मास्तर समोर येऊन बसले. नवापूर येईपर्यंत त्यांच्या तिन्ही जावयांचे स्वभाव मला पाठ झाले. नवापूरच्या फलाटाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत. मास्तरांनी महाराष्ट्रात चहा घेतला, गुजरातेत कप परत केला आणि व्यारा येईस्तोवर मूळव्याधीवरचे उपाय सांगितले. मग त्यांनी विचारलं, आपण काय करता? मी म्हणालो, सरकारी काम. कसलं? तसंच, साधारण. मास्तर जरा हिरमुसले आणि खिडकीबाहेर बघू लागले. आपण एका क्षणात गड राखला, अशा समाधानात मी दशम्या सोडल्या.

सुरतेला मावसभाऊ भिका घ्यायला आला होता. भिका आठ वर्षांपूर्वी शेत भावांवर टाकून इकडं आला आणि कतारगामच्या एका डाइंग हाउसमध्ये (कापड रंगवण्याच्या कारखान्यात) बॉयलरवर लागला. त्या काळी कतारगाम म्हणजे निम्मं शेत आणि निम्मा कारखाना. एका बाजूला मागांचा खडखडाट, आणि कुंपण ओलांडलं की पापडीचे (वालाच्या कोवळ्या शेंगांचे) हिरवे मळे. हिवाळा होता, पापडीचा वास आणि कारखान्याच्या गटारातून वाहणारं निळं-तांबडं पाणी असं एकत्रच गावात शिरत होतं.

भिकाच्या खोलीशी पोहोचायच्या आधी माझी कीर्ती पोहोचली होती. मी फक्त अणुवीज असं कळवलं होतं. त्यातली वीज वाटेत गळाली असावी. शेजारच्या बेन दारात उभ्या होत्या, त्यांनी भिकाला विचारलं, "आ भाई बॉम्बवाळा छे?" भिकानं बिनदिक्कत हो म्हणून सांगितलं. वहिनींनी मला वेगळं ताट ठेवलं. ते मानाचं होतं की अणू बाधू नये म्हणून, हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही. ताटात लोचो होता. खमण करताना पीठ सैल झालं आणि घाणा बिघडला, तर सुरतेचा माणूस तो फेकत नाही. वर तेल आणि मसाला घालतो, वेगळं नाव देतो आणि दुप्पट हौसेनं खातो. चुकीचा एवढा सत्कार मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिला नाही.

दुपारी भिका मला कारखान्यात घेऊन गेला. बॉयलरच्या खोलीच्या दारावर त्यानं खडूनं दाब लिहून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. मला कसंसंच झालं. तो म्हणाला, "भाऊ, तुना जहाजना बॉयलर केवढा व्हता?" मी हसलो. "सांगाले तुनं काय जास?" तो म्हणाला. भिकाला वाईट वाटलं, पण लहानपणापासून तो माझ्यावर फार वेळ रागवू शकत नाही. त्यानं मला कलर मास्तरांकडं नेलं. हे गृहस्थ मात्र मला पहिल्या भेटीतच आवडले. गोणपाटाच्या पडद्याआड बसून ते रंग मिसळत, कृती स्वतःच्या वहीत लिहीत आणि वही बनियनच्या आत ठेवत. शेठलासुद्धा पडद्याच्या आत मज्जाव होता. मी मोठ्या आदरानं त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि माझा उजवा तळवा राणी रंगाचा झाला. साबण, लिंबू, राख, रॉकेल, सगळं करून पाहिलं. मास्तर म्हणाले, रंग पक्का आहे, आमच्या कारखान्याचं नाव त्यावरच आहे.

दुसऱ्या दिवशी आरमारातला काळा सूट घालून, उजवा हात खिशात ठेवून मी कॉलेजात गेलो. बाहेर बाकावर वीस-बावीस वर्षांची पदवीधर पोरं ओळीनं बसली होती आणि एकमेकांना सूत्रं विचारत होती. त्यातल्या एकानं मला शिपाई समजून पाणी मागितलं. मी आणून दिलं. पाणी कुठं ठेवलंय ते मला सकाळीच कळलं होतं.

आत टेबलापलीकडं दोघे होते. एक केंद्राचे वरिष्ठ इंजिनिअर, पांढऱ्या केसांचे, दक्षिणेकडचे, आणि शेजारी त्या कॉलेजातले एक गुजराती प्रोफेसर. हात पुढं करणं भाग होतं. इंजिनिअरांनी तो गुलाबी पंजा बघितला आणि पहिला प्रश्न तोच विचारला. डाइंग हाउस, मास्तर, लिंबू, राख, सगळं मी सविस्तर सांगितलं. पुढच्या दहा मिनिटांत मी दिलेलं ते एकमेव पूर्ण उत्तर.

इंजिनिअरांनी विचारलं, तुमच्या जहाजावर बॉयलर किती होते? मी म्हणालो, माफ करा सर, सांगता येणार नाही. वाफेचा दाब? सांगता येणार नाही. टर्बाइन कुठल्या जातीचं? मी मान हलवली. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला मी तोंडात मिठाची गुळणी धरून ताठ बसलो होतो आणि मनातून स्वतःवर खूश होतो. प्रोफेसरांनी घंटी वाजवून शिपायाला काहीतरी सांगितलं. शिपाई लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. परदेशात छापलेलं, जगभरातल्या लढाऊ जहाजांचं. प्रोफेसरांनी पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. माझं जहाज. वर फोटो, खाली बॉयलर किती, टर्बाइन किती, ताकद किती, वेग किती. वर प्रोफेसरांनी असंही सांगितलं, की त्यांच्या माहितीप्रमाणं हे जहाज गेल्या वर्षी मोडीत निघालं. ते मला माहीत होतं. त्याच्या पत्र्याच्या एव्हाना बादल्या झाल्या असतील.

"इथं लिहिलंय ते बरोबर आहे का?" प्रोफेसरांनी विचारलं.

"तेही सांगता येणार नाही," मी म्हणालो.

प्रोफेसर खळखळून हसले. इंजिनिअर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि इंग्रजी सोडून त्यांच्या हिंदीत सावकाश बोलू लागले. ते म्हणाले, तुमच्या वरिष्ठांना हे फार आवडलं असेल. आमचं निराळं आहे. आमच्याकडं शाळेची पोरं सहलीला येतात. आम्ही वीज विकतो, आमच्याकडं लपवण्यासारखं फार थोडं आहे. तिथं मला एकाच माणसाची भीती वाटते. ज्याच्या हातून काही चुकलं आणि जो गप्प बसला.

मग ते म्हणाले, "तुमची एक चूक सांगा. आजपर्यंत कुणाला न सांगितलेली."

पंधरा वर्षांत मी जपलेल्या गुपितांपैकी खरं गुपित एकच होतं, आणि ते त्या जाड पुस्तकात नव्हतं.

मी सांगितलं. मी ड्यूटीवर होतो. बंद असलेली वाफेची लाइन पुन्हा चालू करायची होती. अशा लाइनीत पाणी साचतं. ते खालच्या ड्रेनमधून आधी काढून टाकावं लागतं, नाहीतर मागून आलेली वाफ त्या पाण्याला तोफगोळ्यासारखी फेकते. ड्रेन उघडायचं काम मी स्वतःकडं घेतलं होतं. वरून निरोपावर निरोप येत होते आणि मी ते विसरलो. अप्पाराव नावाच्या माझ्या हाताखालच्या स्टोकरनं (बॉयलर सांभाळणाऱ्या खलाशानं) विचारलं, पाणी काढलं? मी काढलं म्हणालो. त्यानं वाफ सोडली. जोड फुटला आणि त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत असं निघालं, की ड्रेन उघडणं हे स्टोकरचं काम. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो नाही आणि हो म्हणालो नाही. त्याची बढती अडली. मला पुढच्या वर्षी चीफ केलं.

मला वाटत होतं की मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय. क्वार्टर गेलं, दोन खोल्या गेल्या. इंजिनिअरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ठीक आहे, तुम्ही जाऊ शकता, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी भिकानं तापीच्या काठावर नेऊन पोंक (कोवळ्या ज्वारीचा हुरडा) खाऊ घातला, वर लिंबाची शेव. नदीत पाणी थोडं होतं. त्यानं दोनदा विचारलं, काय व्हयनं? मी पोंकातली शेव वेचत राहिलो. त्यानं आपल्या मनाशी निकाल लावून टाकला आणि म्हणाला, की त्याच्या शेठला दुसऱ्या बॉयलरवर माणूस हवाच आहे. मी म्हणालो, बघू. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पापडीचं गाठोडं बांधून दिलं आणि मी परतीची गाडी धरली. गुजरातेत गाडी जरा रिकामी होती. कुणी मला काही विचारलं नाही, आणि पहिल्यांदाच वाटलं की कुणी विचारावं.

घरी सुमन पापडी सोलायला बसली. मीही बसलो. कसं झालं, असं तिनं विचारलं नाही. विचारायची सवयच मी तिला राहू दिली नव्हती. दोन परक्या माणसांना जे सांगितलं ते हिला ठाऊक नाही, याची मला लाज वाटली. मग मी सगळं सांगितलं. ड्रेन, अप्पाराव, चौकशी, माझी बढती. त्या बढतीच्या वर्षी मी तिला पाठवलेलं लुगडं ती अजून सणासुदीला नेसत होती. तिनं सोलणं थांबवलं नाही. नोकरी मिळेल का, हेही विचारलं नाही. शेंगा संपल्यावर हात पदराला पुसले आणि म्हणाली, "पहिले त्याले कागद लिखा. नोकरीनं मंग पाहू."

कागद म्हणजे पत्र. त्याच्या गावाचा पत्ता माझ्या जुन्या डायरीत होता. मी तो कधी खोडला नव्हता आणि कधी वापरलाही नव्हता. चार ओळी लिहायला मला दोन दिवस लागले.

महिन्याभरात नेमणुकीचं पत्र आलं. पदापुढं ट्रेनी असा शब्द होता. चौतिसाव्या वर्षी मी उमेदवार झालो होतो, आणि साहेब म्हणून, पुढं कळलं त्याप्रमाणं, माझ्याकडं पाणी मागणारा तो पोरगाच मला मिळाला होता. क्वार्टर होतं. सुमननं डबे, चूल-पाट, पाटा-वरवंटा सगळं बांधलं. निघायच्या आदल्या दिवशी अप्पारावचं उत्तर आलं, आरमारी हिंदीत, वाकड्या अक्षरात. त्यानं पोराबाळांची खुशाली विचारली होती. हात आता ठीक आहे, फक्त पूर्ण वळत नाही. शेवटी दोन ओळी होत्या: "चीफसाब, मैं उसी पाइप के नीचे गिरा था. ड्रेन का चक्का बंद था, मैंने देखा था. आपके बाल-बच्चे थे, इसलिए नहीं बोला."

पत्र मी सुमनला वाचून दाखवलं. तोंड मिटून राहण्याची शाबासकी मी इतकी वर्षं स्वतःला देत आलो होतो. ती त्याची होती.