काचेची होडी आणि कापडाची होडी

भवानी पेठेतून आम्ही सकाळी सहाला निघालो तेव्हा टेंपोच्या टपावर दोन होड्या पालथ्या बांधल्या होत्या आणि गल्लीतली अर्धी माणसं दात घासत बघायला उभी होती. टेंपोवाल्या दस्तगीरभाईंनी शेवटची गाठ मारली, माझी होडी जरा हलवून पाहिली आणि म्हणाले, "क्या बाई, इत्ती हल्की चीज पानी में चलती क्या हवा में उडती?"

"दोन्ही," मी म्हटलं.

पुढच्या सीटवर माझे सासरे बसले होते. त्यांनी खिडकीतून डोकं काढून माझ्या नवऱ्याला सांगितलं, "श्रीनिवास, तिला म्हणावं, मध्ये गोधडी घाल. तिची होडी माझ्या होडीला घासेल."

मी चार फुटांवर उभी होते. गोधडी घातली.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमचं लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. मी माहेरची पुण्याची, मराठी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. श्रीनिवासचं घर तेलुगू विणकरांचं. सासूबाई महिनाभरात निवळल्या. मामय्या (सासऱ्यांना आमच्या घरात असंच म्हणतात) दोन वर्षं झाली तरी माझ्याशी थेट बोलत नव्हते. रागावणं नाही, टाकून बोलणं नाही. माझ्या ताटातली चटणी संपली की त्यांच्याच आधी लक्षात यायचं; पण तेही श्रीनिवासमार्फत.

पुण्यात असताना मी नदीवर वल्हवत असे. तिथल्या माझ्या जुन्या मंडळींनी येत्या उन्हाळ्यात हिमालयातल्या एका खळाळत्या नदीत उतरायचा बेत केला आणि मला पत्र टाकलं. कयाक (एकट्याने बसून दोन पात्यांच्या वल्ह्याने हाकायची निमुळती होडी) ज्याने त्याने बनवायची आणि खडकाळ पाण्यात घासून-आपटून आणायची. जी टिकेल तिच्या नमुन्यावर सगळ्यांच्या होड्या होणार होत्या.

मी परसात साचा घातला आणि त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड व रेझीन (चिकट रासायनिक द्रव; वाळला की दगडासारखा होतो) असे थर चढवले. घरभर आठवडाभर वास. मामय्या तीस वर्षं गिरणीत विणाईचे मास्तर होते. त्यांनी माझा होडीचा आराखडा उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "श्रीनिवास, तिला सांग, काच बांगड्यांना ठीक आहे. पाण्यात कापडच चालतं." मग सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा करून त्यावर स्वतःच्या मागावर विणलेलं जाड कापड ताणलं, जवसाच्या तेलाचे आणि रंगाचे हात दिले, आणि दर रविवारी तलावावर जाऊन वल्हवायला शिकले. वय बासष्ट. पोहण्यात मात्र पेठेत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

अकलूजला पोचेपर्यंत दहा वाजले. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये नीरा. बहात्तरच्या दुष्काळात हिचंच वाळवंट झालेलं लोकांनी पाहिलं होतं; आता ऑक्टोबरात ती काठोकाठ नसली तरी अंगात जोर धरून वाहत होती. आम्ही दोघांनी होड्यांतून खाली नरसिंगपूरच्या संगमापर्यंत जायचं आणि श्रीनिवासने टेंपोतून पुढे जाऊन तिथे थांबायचं, असं ठरलं होतं. घाटावर धुणं धुणाऱ्या एका बाईने मामय्यांच्या कमरेभोवतीची फुगवलेली ट्यूब आणि माझं मोटरसायकलचं हेल्मेट पाहिलं.

"कुटं निगालाय म्हनायचं?"

"नरसिंगपूरला."

"आवं, एस्टी हाय की!"

पहिल्या दोन तासांत मामय्यांची होडी सरस ठरली, हे कबूल करते. ती लांब, तळाला मधोमध धार असलेली. संथ पाण्यात रेघ मारल्यासारखी सरळ जायची. माझी आखूड, गोल तळाची, दोन्ही टोकांना केळ्यासारखा बाक दिलेली. वल्हं एकीकडे जरा जास्त पडलं की नाक तिकडे. मी डावीउजवीकडे हेलकावत मागून येत होते आणि ते पुढे ताठ बसून चालले होते. एकदा त्यांनी मागे वळून पाहिलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, श्रीनिवास नाही हे लक्षात आलं आणि पुन्हा पुढे बघायला लागले. मला हसू आलं. पाणी असं छान, बगळे असे निवांत, आणि आमच्यात दुभाषा नाही!

एका बंधाऱ्याशी होड्या उचलून खाली न्याव्या लागल्या. काठावरच्या मळ्यात काम करणारा एक माणूस बांधावरून ओरडला, "म्होरं वळनावर दगडाची रांग हाय. तितं पानी लई वरडतंय. गुऱ्हाळाची काईलबी पान्यात घालत न्हाय आमी तितं!"

मामय्यांनी मान डोलावली. मला वाटलं, ते थांबतील आणि मला पुढे जाऊ देतील, कारण तसं पाणी माझ्या होडीचं होतं. ते थांबले नाहीत.

वळणाआधीच आवाज आला. काळ्या खडकांची रांग नदीभर पसरलेली आणि पाणी तीन-चार फटींतून पांढरं होऊन खाली पडत होतं. मामय्या मधल्या फटीकडे गेले. सकाळपासून सरळ जाणारी ती होडी ऐन वेळी वळेचना. तळाची धार प्रवाहात अडकली, होडी आडवी झाली आणि पोटावर एका खडकाला जाऊन चिकटली. पाण्याने तिला दोन्ही टोकांकडून दाबलं. सांगाड्याच्या पट्ट्या मोडल्याचा आवाज मला पाण्याच्या खळखळाटातही ऐकू आला. कापड फाटलं नाही. होडी खडकाभोवती वाकली, आणि मामय्यांचे पाय आत अडकले.

त्यांनी हात वर केला आणि मला ओरडून सांगितलं, "रा... रा!"

'रा' म्हणजे ये. सासूबाई मला स्वयंपाकघरात याच शब्दाने हाक मारतात. मी गेले.

माझी होडी पटकन वळली, पण खडकाने एकदा तळाला आणि एकदा कुशीला असा फटका दिला की दात वाजले. कुठेतरी कडकन तडकलं आणि मांड्यांवर गार पाणी चढू लागलं. तरी ती अडकली नाही. खडकावरून घसरली आणि मला त्याच्या आडोशाच्या शांत पाण्यात आणून सोडलं. मी उडी मारली, होडी एका कपारीत कोंबली आणि मागच्या बाजूने खडकावर चढले.

मामय्यांच्या छातीपर्यंत पाणी होतं. बसायचं तोंड मोडून अरुंद झालं होतं आणि नडग्यांवर पट्ट्या दाबल्या होत्या. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. काही उपयोग नाही. पाणी आणखी बोटभर चढलं. पाठीला बांधलेल्या डब्याच्या पिशवीत कांदा चिरायचा चाकू होता. तो काढला आणि थांबले. हे कापड त्यांनी स्वतः विणलं होतं. तीन आठवडे रोज पहाटे उठून.

"मामय्या, कापू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे.

"काप! विचारतेस काय!"

कापड काय कापड होतं! चाकू त्यात शिरेना. मी टोक खुपसून करवतीसारखा ओढत होते आणि ते मला सांगत होते, "आडवं नको, उभं! ताण्यात घाल!... माझ्याकडे ओढ... हां, आता सुटेल!" उभ्या धाग्यांत वीतभर फट पडली आणि मग पाण्यानेच ती पुढे फाडली. त्यांचा एक पाय आला, दुसरा आला. आम्ही दोघं खडकावर पालथे पडलो.

जरा दम खाल्ल्यावर ते म्हणाले, "मी 'रावद्दु' म्हणत होतो."

'रावद्दु' म्हणजे येऊ नकोस.

"मला 'रा' एवढंच ऐकू आलं."

त्यांनी तोंड पाण्याकडे फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते. "उद्यापासून तेलुगू शीक," ते म्हणाले. "शब्द शेवटपर्यंत ऐकायचा असतो."

आम्हाला खडकावरून उतरवलं ते महादूतात्यांनी. त्यांचा मळा समोरच होता. खडकांखालच्या संथ डोहातून ते काहिलीतून आले. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची प्रचंड लोखंडी कढई. गुऱ्हाळ बंद असताना तिकडचे लोक तिच्यात बसून नदी ओलांडतात. ना पुढचं टोक, ना मागचं. आम्हाला घेऊन आणि खडकावरून ओढून काढलेल्या दोन्ही होड्या कडेला बांधून ती गरगर फिरत काठाकडे निघाली.

मी घाबरून कड धरली. "तात्या, ही बुडत नाही ना?"

"माजं लगीन व्हायच्या आदीपासनं हाय," तात्या म्हणाले. "चार ठिगळं हायती तिला. व्हय, फिरती जरा. तुमी डोळं मिटा की!"

मामय्यांनी डोळे मिटले नाहीत. ते काहिलीच्या पत्र्याला बोटाने टिचक्या मारून बघत होते. "हिचं तोंडच सगळ्यात मोठं," ते मला म्हणाले. मग एकदम वळून मोडलेल्या होडीचं तोंड वितीने मोजलं.

तात्यांच्या बायकोने चुलीवरची भाकरी, शेंगाचटणी आणि मरळ माशाचं झणझणीत कालवण वाढलं. मामय्यांच्या नडग्यांना हळद लावली. मी माझी होडी उन्हात पालथी घातली. तळाला चांदणीसारखा तडा गेला होता, मध्यातून पाच-सहा रेघा फुटलेल्या. तेवढा भाग कानशीने घासला, बरोबर आणलेल्या रेझीनने काचेच्या कापडाचे दोन तुकडे बसवले. मामय्या शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"वाळायला किती वेळ?"

"ऊन आहे. दोन तास."

"माझी मागावर घालून नीट करायला दोन महिने," ते म्हणाले. "पण ती फाटली नाही, हे लिही हं पत्रात. कापली म्हणून सुटली."

"लिहीन. आणि वळली नाही, हेही लिहीन."

"लिही," ते म्हणाले.

दुपारी तीनला मी एकटी पाण्यात उतरले. मामय्यांनी मोडकी होडी तात्यांच्या बैलगाडीत चढवली आणि काठाच्या वाटेने निघाले. मध्येच उसातून त्यांची हाक यायची, "पाणी येतंय का आत?" मी ओरडायचे, "थेंबसुद्धा नाही!" पुढे वाट नदीपासून दूर गेली आणि हाका थांबल्या. नीरा भीमेला मिळते तिथे नदी अचानक रुंद होते. दोन रंगांचं पाणी बराच वेळ शेजारी शेजारी चालतं आणि मग कधी एक होतं ते कळत नाही.

श्रीनिवास पायऱ्यांवर उभा होता. त्याने एकच होडी येताना पाहिली आणि चपलांसकट पाण्यात शिरला. वडिलांना तो नान्ना म्हणतो.

"नान्ना कुठे आहेत? सुधा, नान्ना कुठे?"

"बैलगाडीत."

"कसल्या बैलगाडीत?"

गाडी तासाभराने आली. तोवर त्याचा चेहरा पाहवत नव्हता. मामय्या खाली उतरले, लंगडत माझ्या होडीपाशी गेले आणि ठिगळावर अंगठा दाबून पाहिला. श्रीनिवास सवयीने मध्ये उभा राहून म्हणाला, "नान्ना, सुधा म्हणते की..."

"तू बाजूला हो," मामय्या म्हणाले. "ठिगळ दिसत नाहीये मला."

परतताना दस्तगीरभाईंच्या शेजारी श्रीनिवास बसला आणि आम्ही दोघं मागे, होड्यांखाली. टेंभुर्णीपर्यंत आमचं भांडण चाललं होतं. ते म्हणत होते, पुढची होडी कापडाचीच, फक्त तळाची धार काढून टाकायची आणि टोकांना बाक द्यायचा. मी म्हणत होते, काचेचाच थर, पण विरळ विणीचा, म्हणजे रेझीन धाग्यांत मुरतं आणि तडा लांब जात नाही. विणीचा विषय निघाल्यावर अर्थातच त्यांचं म्हणणं ऐकावं लागलं. मोहोळ गेल्यावर आमचं एका गोष्टीवर एकमत झालं. बसायचं तोंड दीड वीत लांब हवं, गुडघे वर उचलून एका झटक्यात बाहेर पडता येईल असं.

पुण्याला पत्र लिहायला मला चार दिवस लागले. दोन्ही होड्यांच्या आकारांबद्दल, घासण्याबद्दल, ठिगळाबद्दल सगळं लिहिलं. पण निघताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, होडी किती टिकते. आणि पत्राच्या पहिल्या ओळीत मी लिहिलं, की वाईट वेळी ती माणसाला किती लवकर सोडते हे आधी बघा. मामय्यांच्या होडीचं कापड आम्हा दोघांच्या ताकदीपेक्षा मजबूत निघालं होतं, आणि अजून माझ्या स्वप्नात तो चाकू जोर लावूनही आत शिरत नाही.

पत्र टाकून घरी आले तेव्हा परसात नवा सांगाडा उभा होता. मामय्या त्याच्यात बसत होते आणि उठत होते, बसत होते आणि उठत होते. शेजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या. मला पाहून ते बाहेर आले, कपाळ पुसलं आणि जागा करून दिली.

"आता तू बस," ते म्हणाले. "तुझे गुडघे माझ्यासारखे नाहीत. मला माप हवं."