पाठीमागे बांधलेले हात

"मी हातसुद्धा लावला नाही त्याला!" प्रज्योत पुन्हा ओरडला.

"अरे, पण लावलास असं म्हणतंय कोण?" हेमांगी म्हणाली. "आई बाळाशी बोलतायत. कोर्टात साक्ष देत नाहीयेत."

झालं होतं इतकंच, की पाच महिन्यांचा निहार रडला आणि मथुराबाईंनी नातवाला मांडीवर घेऊन नेहमीचा लाडाचा प्रश्न विचारला, "कोणी मारल्यान माझ्या बाबूक? पप्पान मारल्यान?" यावर बापानं हसायचं असतं. आमचे महाशय मात्र दर वेळी आपण निर्दोष असल्याचं सांगायला उभे.

प्रज्योत कांदिवलीत लिफ्टची दुरुस्ती करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकून किंचाळणाऱ्या लोकांशी तो बाहेरून इतकं गोड बोलायचा, की सुटका झाल्यावर बायका त्याला चहाला बोलवायच्या. घरात मात्र सात किलोच्या माणसानं तोंड उघडलं, की त्याला गॅलरीतली झाडं आठवायची. झाडं म्हणजे एक तुळस आणि एक वाळलेली जास्वंद. निहार हसत असला तर तो जवळ येऊन वाकून बघायचा, पण हात पाठीमागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा.

हेमांगीला आजवर याची गंमत वाटायची. पण सोमवारी तिची रजा संपत होती. प्रज्योतला संध्याकाळची पाळी, म्हणजे दिवसभर तो घरीच. मथुराबाईंचे गुडघे बाळाला घेऊन फेऱ्या मारण्याच्या पलीकडे गेलेले. आणि प्रज्योतचं एकच पालुपद: पाळणाघरात ठेवू.

"बाप घरात घोरणार आणि पोर पाळणाघरात? कमाल आहे यार तुझी!" हेमांगी म्हणाली.

मथुराबाई अजून आपल्याच मुद्द्यावर होत्या. "तुका मस्करीसुद्धा कळना नाय काय रे?"

"नाही कळत. लहानपणापासून नाही कळत तुझी मस्करी. नाना मला पट्ट्यानं मारायचे आणि मग तू मला जवळ घेऊन जमिनीला चापट्या मारायचीस. 'जमिनीन पाडल्यान माझ्या बाबूक!' जमिनीनं?"

भिंतीवरच्या फोटोत, हाराच्या आत, प्रज्योतचे वडील नाना अगदी सज्जन दिसत होते.

"त्यांका बोलाक माझी ताकद नाय होती," मथुराबाई खाली बघत म्हणाल्या. "जमीन उलट मारना नाय."

हेमांगीचा आवाज उतरला. "मला कधी बोलला नाहीस."

"काय बोलणार? हा रडला की माझं डोकं फिरतं. नानांचंही असंच फिरायचं. त्याच्या पुढे काय होतं, ते मला माहीत आहे."

त्याच्या लहानपणी राग आणि पट्टा एकाच खुंटीला टांगलेले असायचे. एक आला की दुसरा आलाच.

"आणि माझं नाही फिरत?" हेमांगी म्हणाली. "परवा त्याला पाळण्यात ठेवून मी बाथरूमचा नळ सोडून बसले होते. नळावर ओरडले. मग बाहेर येऊन पाजलं."

"तुला राग येतो? याचा?"

"मग? मी काय कॅलेंडरवरची यशोदा आहे?"

तिनं सासूच्या मांडीवरून निहारला उचललं आणि सरळ प्रज्योतच्या हातात दिलं. निहारनं संधी सोडली नाही. त्यानं भोकाड पसरलं. प्रज्योतची मान ताठली, कानशिलं तापली. राग आला, चांगला सणसणीत आला. आता पुढचं काय होतंय, ते बघत तो श्वास रोखून उभा राहिला.

पुढचं काही झालंच नाही. हात बाळाच्या पाठीवर होता आणि कलिंगड पिकलंय का बघावं तसा थोपटत होता.

"हळू रे, फळवाल्या," हेमांगी म्हणाली.

रडणं काही थांबेना. "आण हकडे," म्हणत मथुराबाईंनी हात पुढे केले. प्रज्योतनं निहारला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"सोमवारपासून निहार दिवसभर माझ्याकडे राहील," तो म्हणाला. "फारच झालं तर मी हाक मारीन, आणि आई, तू लगेच यायचंस. आता पाळणाघर नको."