सुशीलाबाईंची जिन्याकडची खिडकी

शनिवार पेठेतल्या आमच्या वसतिगृहाला बेल नाही. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एका संस्थेनं ही इमारत बांधली. आर्किटेक्टनं जिना एकच ठेवला आणि त्याच्या तोंडाशी एक बुटकी खिडकी काढली. जाणारीनं तिथे ‘येते’ म्हणायचं, परतणारीनं ‘आले हं’. पुढे चौकशी नाही. पुरुष डोकं वापरून जिना बांधू शकतो, याचा मला सापडलेला हा एकमेव पुरावा.

खिडकीमागे सुशीलाबाई. मी पोस्टात लागून इथे राहायला आले तेव्हापासून त्याच. पहिल्याच आठवड्यात मी घाईत ‘जाते’ म्हणाले, तर बाई अंगावरच आल्या.

"हेमाताई, तोंड सांभाळा! या घरात ‘जाते’ म्हणायचं नाही."

मीही चिडले, चार शब्द सुनावले. संध्याकाळी त्या आपणहून चहा घेऊन आल्या आणि सगळं सांगितलं.

ही इमारत उठत होती तेव्हा त्यांची आई इथे घमेली वाहायची. सुशीलाबाई चिमुरड्या, वाळूच्या ढिगावर खेळत होत्या. जिना अर्धाच झाला होता. आई ‘येते गं’ म्हणाली आणि घमेलं घेऊन बांबूच्या परांचीवर चढली. बांबू निसटला.

"तिला खाली आणलं, हेमाताई. ती आली नाही."

संस्थेनं पोरीला ठेवून घेतलं, मोठी झाल्यावर खिडकी सोपवली. लग्न झालं, मुलगा झाला, नवरा वारला. बाई खिडकीतच.

दिवेलागणीला सगळ्याजणी परतल्यावरही कधीकधी जिन्यात पाऊल वाजायचं. जड, डोक्यावर ओझं असल्यासारखं. नव्या मुली किंचाळायच्या, "अगं, हॉन्टेड आहे हे!" मी म्हणायचे, उंदीर असतील, पेठेतले आहेत, खाऊनपिऊन सुखी. पण खरं सांगते, त्या वेळी मी एकटी जिना चढत नसे. भीती वाटायची मला.

यंदा संस्थेनं जिना पाडून लिफ्ट बसवायचं ठरवलं. बाईंचा मुलगा सुदर्शन त्यांना खराडीला आपल्या घरी न्यायला आला. बाई जागच्या हलेनात.

"जिना गेला तर ती उतरणार कुठून?"

मला एकदम भडभडून आलं, आणि रडू आलं की मी ओरडते.

"अहो, मग निरोप द्या तिला! किती वर्षं ताटकळत ठेवणार, तिला आणि स्वतःला?"

बाई उठल्या. जन्मात कुणाला ‘जा’ म्हणाल्या नव्हत्या. दारातल्या मांजरालासुद्धा ‘ये हं’ म्हणायच्या. दिवे लागायची वेळ झाली होती. वर पाऊल वाजायला लागलं होतं. पहिल्या पायरीशी कठडा घट्ट धरून त्या वर अंधारात बघत म्हणाल्या, "आये... जा आता."

पाऊल थांबलं. सुदर्शननं माझा हात धरला. मग वरून आवाज आला, अगदी तरण्या बाईचा.

"येते गं."

सुदर्शननं श्वास सोडला. निघणारी बाई तेच म्हणते ना! त्यानं पिशवी उचलली. सुशीलाबाई मात्र वळल्या, खिडकीमागे गेल्या आणि आपल्या स्टुलावर बसल्या.

"आई, चल ना! संपलं आता."

"येते म्हणाली की रे ती," सुशीलाबाई म्हणाल्या. "आता मी कशी निघू?"