टपाला काच, वर कपाट

मैत्रिणी भेटल्या की आधी विचारतात, "गाडीचं काही नवीन?" नवीन काय, एकाचा राग गिळेपर्यंत दुसरं होऊन बसलेलं असतं. म्हणून आज सगळं एकदम सांगून टाकते.

गाडी माझी. मी मुरुमच्या शाळेत शिकवते. माझ्या पगारातून घेतली, कागदावर नाव माझं. टपाला पुढून मागपर्यंत काच आहे. बसल्या जागेवरून आभाळ दिसावं ही माझी जुनी हौस, म्हणून तीच गाडी घेतली. पण आमच्या घरात हे सांगायचं कुणाला?

गाडी दारात आली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, मडकं बघावं तसं टपावर बोटानं वाजवून बघितलं. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "काच? एवढं पैसं घेतलं आन् पत्राबी न्हाय दिला व्हय?"

मला कुणी काही विचारलं नाही. पेढे मात्र मीच वाटले.

*

उन्हाळ्यात एका सकाळी परीक्षेच्या ड्यूटीला निघाले, तर टपावर जुनं धोतर अंथरलेलं आणि त्यावर कुरडया. सासूबाई बाजूला पाट टाकून राखण करत होत्या. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो.

"अव्वा, हे काय?"

"काच लई तापती गं. एका दिसात वाळत्यात. मांजरबी चढत न्हाय."

"पण मला शाळेत जायचंय."

"मग जा की. एसटी हाय न्हवं?"

स्वतःची गाडी दारात ठेवून मी एसटीनं गेले. तेही उभ्यानं.

*

धाकटे दीर मल्लिनाथ यांचं म्हणणं, काच काय आणि पत्रा काय, काचेतून आरपार दिसतं एवढाच फरक. त्यांनी कडब्याच्या पेंढ्या टपावर रचल्या, खिडक्यांतून दोरी घेऊन आवळल्या आणि अव्वांना मागच्या सीटवर बसवून शेतातून निघाले. वाटेत उकडायला लागलं म्हणून त्यांनी बटण दाबलं. काच सरकली आणि वरचा सगळा पाचोळा अव्वांच्या डोक्यावर आला.

दारात उतरल्या तेव्हा अव्वांचे केस कुठले आणि कडबा कुठला, कळत नव्हतं. दीर मला म्हणतात कसे, "वैनी, काचंला काय बी झालं न्हाय बघा."

सीटच्या खाचांमधून मी अजून भुसकट काढते आहे.

*

पुढचं ऐका. मी दारात उभी, चावी माझ्या हातात. शेजारचे काका मला ओलांडून आत गेले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "शिवराज, गाडी नेऊ का? पाण्याची टाकी आणायची हाय."

"न्या की काका, त्यात इचारायचं काय?"

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. यापुढं काचेवर काडी ठेवायची नाही, असं मी नवऱ्याला बजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी टपावर लोखंडी कॅरिअर बसवून आणलं. मला न विचारता.

"आता काचंला धक्काबी लागत न्हाय," म्हणाले.

खरं सांगते, मला रडू आलं. मान वर केली की आभाळाच्या आधी गज दिसायचे. आणि वर मीच तक्रारखोर!

*

आता कपाटाचं सांगते. ईट गावात नणंदेचं नवं घर झालं. वास्तुशांतीला माहेरचा आहेर म्हणून लोखंडी कपाट घेतलं, दाराला उंच आरसा असलेलं. टेम्पो करा, असं मी म्हणाले. पण कॅरिअर कशाला लावलंय मग? कपाट आडवं चढलं. वरून काही आदळलं तर आरसा फुटेल म्हणून दिरांनी तो खाली केला.

त्यामुळं काचेतून वर बघितलं की आम्हीच दिसायचो. नवरा गाडी चालवत होता, शेजारी अप्पा. मागं मी, अव्वा आणि दीर. अव्वा वाटभर मान वर करून बसलेल्या. "म्या एवढी वाळले व्हय गं?" असं विचारायच्या आणि पदर नीट करायच्या.

तुळजापूरच्या अलीकडं पोलिसानं गाडी अडवली. मागं निघालेलं कपाट बघितलं, दोऱ्या बघितल्या आणि खिडकीशी येऊन विचारलं, "गाडी कुणाची?"

नवऱ्यानं अप्पांकडं बघितलं. दीर चपलेचा बंद बघायला लागले.

अप्पा खाकरले. "सायेब, गाडी सुनंची हाय. तिच्याच पगारातली. आमचा काय बी संबंध न्हाय."

इतक्या दिवसांत हे वाक्य घरात कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. मी दार उघडून खाली उतरले.

"हो साहेब, गाडी माझीच. पावती माझ्या नावानं करा. पण कपाट ह्या तिघांचं आहे. ते आधी माझ्या गाडीवरून उतरवायला लावा."

तिघंही रस्त्याच्या कडेला उतरले. दोऱ्या सुटायला लागल्या, तसे अप्पा अव्वांवर खेकसले, "अगं, तू काय बसून ऱ्हायलीस? उतर की."

अव्वांनी वर बघून पदर सारखा केला.

"तुमी या टेम्पो करून," त्या म्हणाल्या. "म्या सुनंच्या गाडीतनं जाते."