शिडीच्या कोरड्या पायऱ्या

कतारमध्ये, बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पवरून हमद पोर्टला कामावर जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये तो रोज माझ्यासाठी जागा धरायचा. मी नवा, सातवीतून शाळा सोडलेला. हातून काही चुकलं तर परत पाठवतील, ही भीती सतत असायची. त्याच्या शेजारी बसलं की ती जरा विरायची. नाव मात्र मी कधी विचारलंच नाही.

तो आसामचा, नदीकाठचा. गावातली सगळी घरं बांबूच्या खांबांवर. बस सुटली की बायकोला व्हिडिओ कॉल लावायचा आणि भरलेला पेला धरावा तसा मोबाइल आमच्या दोघांमध्ये धरायचा. घराखाली कोंबड्या, डुकरं, तिचा हातमाग. वर जाणारा जो तो शिडीपाशी चपला काढून पाय धुवायचा. पण याचा पहिला प्रश्न एकच, शिडीच्या किती पायऱ्या कोरड्या आहेत? आमच्या गावात पाणी टँकरने येतं. मला याचं नवल वाटायचं.

त्या दिवशी दोनच उरल्या होत्या. पूर चढला की तिथे घराची बांबूची जमीन सोडवून आणखी वर बांधतात. अख्खं गाव मदतीला आलं होतं. हा इथून ओरडून सूचना देत होता. बायको काहीतरी फटकारून बोलली.

"क्या बोली?" मी विचारलं.

"बोलती है, इतना फिकर है तो आके बांधो."

शेवटची गाठ बसली. नव्या जमिनीवर उभी राहून ती मला म्हणाली, "दादा, ऊपर आओ. चाय पियो."

मी वाकलो आणि सेफ्टी शूजच्या नाड्या सोडायला लागलो. तो हसला नाही. पाय आखडून त्याने मला जागा करून दिली.