बिनगणपतीची पत्रिका

लग्नपत्रिका रद्दीत द्यायची नाही, या एका गोष्टीवर आमच्या पिंप्राळ्यातल्या गल्लीचं एकमत आहे. पाण्याच्या टाकीवरून, गाड्या लावण्यावरून रोज भांडतील, पण पत्रिकेवर गणपती असतो आणि त्याला रद्दीवाल्याच्या तराजूत बसवायला कोणी धजत नाही. मग पत्रिका आधी टीव्हीखाली साठतात, नंतर पलंगाखाली, आणि शेवटी पिशव्या भरभरून माझ्याकडे येतात. मी त्यांची आहेराची पाकिटं करते. दुकानात पाकिटं मिळतात, मला माहीत आहे. चकचकीत असतात आणि इतकी पातळ, की आतली नोट कितीची ते बाहेरून दिसतं. आहेर झाकून द्यावा, असं माझं मत आहे.

माझी पद्धत ठरलेली. आधी गणपती कापून बाजूला काढायचा, कारण देवाला घडी घालायची नाही आणि खळही लावायची नाही. ते सगळे गणपती एका डब्यात राहतात आणि अनंत चतुर्दशीला घरच्या मूर्तीबरोबर जातात. शेजारच्या बौद्ध कुटुंबाकडून पत्रिका आली, तर बुद्धांचं चित्र अलगद कापून त्यांचं त्यांना परत. मग छापील बाजू आत, कोरी बाजू बाहेर, कडा दुमडायच्या आणि मैद्याची खळ लावायची. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं फिरकत नाहीत. माझं पाकीट चिकटलं की चिकटलं. ते उघडत नाही, फाडावंच लागतं. गल्लीतल्या बायका याला दोष म्हणतात. त्यांच्या पाकिटांची तोंडं मांडवातच उघडतात, त्याचं काही नाही.

आणखी एक नियम आहे. हे काम करताना मी चष्मा लावत नाही. पूर्वी लावायचे, पण मग पत्रिका वाचली जायची. अमक्याची मुलगी चोपड्याला दिली वाटतं, तमक्याने आमंत्रण दिलं पण भावाचं नाव छापलंच नाही, असं करत फोन लागायचे आणि दुपार संपली तरी पाकीट एकही नाही. आता फक्त गणपती शोधायचा. तो बिनचष्म्याचाही दिसतो.

आमची मुलगी धुळ्याला दिली आहे. तिच्या लग्नात नवरदेवाचे आजोबा, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते इतक्या उशिरा आले की मुहूर्त टळला आणि भटजी रुसले. नाना हसत म्हणाले, "मी उनू ना आते, लागू द्या लगन." माणूस दिलदार होता, पण घड्याळाशी त्यांचं कधी जमलं नाही. पुढे ते वारले, आणि वर्ष झाल्यावर मुलीच्या दिराचं लग्न ठरलं.

मुलीचा फोन आला. "आई, या वेळी तुझं पाकीट नको. दुकानातलं आण. इथे सगळे बघतात."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. बघतात ना? मग बघाच, म्हटलं. पलंगाखालची पिशवी ओढली आणि चांगला कागद शोधायला लागले. तळाशी एक पत्रिका मिळाली. मोतिया रंगाची, जाड, हाताला दाणेदार लागणारी. उलटीसुलटी करून पाहिली, गणपती कुठेच नाही. म्हटलं, वा, कापायचंही वाचलं! असं सुबक पाकीट झालं की मला पुन्हा पुन्हा हातात घ्यावंसं वाटत होतं. पारोळ्याच्या पुढे बस उसळली तेव्हा मी पर्स पोटाशी धरून बसले, पाकिटाला घडी पडू नये म्हणून.

लग्न वेळेवर लागलं. पाकीट मी नवरदेवाच्या हातात दिलं, त्याने ते शेजारी बसलेल्या आजीकडे दिलं. नानांची ही बायको. तिला घरदार अक्का म्हणतं. अक्काने ते मांडीवरच्या कापडी पिशवीत टाकून पिशवीचं तोंड आवळलं.

आम्ही वरण-बट्टीच्या पंगतीला बसलो. समोर मानाच्या खुर्चीवर नानांचा हार घातलेला फोटो ठेवला होता. त्याच्याकडे बघत आमचे हे म्हणाले, "माणूस मोठा. गंधमुक्तीची पत्रिकासुद्धा काय छापली होती यांनी! मोतिया कागद, जाडजूड. मला तर फाडवेना."

"फाडवेना म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुझ्या पिशवीत ठेवली. एवढा चांगला कागद."

मी हातातली बट्टी ताटात ठेवली. गंधमुक्ती म्हणजे आमच्याकडे सुतकाच्या शेवटच्या दिवसाचं कार्य. त्याची पत्रिका वाचायची, फाडायची आणि घराबाहेर टाकायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या ह्यांना नाही कळत. आणि त्या पत्रिकेवर गणपती नसतो, कधीच नसतो, हे मला कळायला हवं होतं, पण मी ह्यांच्यावरच रागावले. तेव्हाही ते बट्टीत तूप ओतत होते, म्हणून जास्तच.

लग्नाच्या आहेरात मयताचा कागद, तोही त्याच घरचा! माझं जे व्हायचं ते होवो, पण मुलीला त्या घरात नांदायचं होतं. हे एक वाक्य तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

हात न पुसताच मी अक्काकडे गेले. "अक्का, माझं पाकीट जरा देता का? वर रुपया चिकटवायचा राहिला."

अक्काने पिशवी आणखी घट्ट धरली. "दिधेल आहेर कोनी परत मांगस का व माय? रुपया ऱ्हायना ते ऱ्हाऊ दे."

पाकिटाशिवाय घरी जायचं नाही, असं मी ठरवलं. ह्यांना बस सोडायला लावली आणि आवराआवरीच्या नावाखाली व्याह्यांच्या घरी ठाण मांडलं. संध्याकाळी ओसरीवर अक्काने पिशवी उघडली आणि आमच्या मुलीला एकेक पाकीट फोडायला बसवलं. माझं आलं. मुलीने ओळखलं आणि माझ्याकडे रागाने बघितलं. नख घालून पाहिलं, दात लावून पाहिला. उघडेना.

"फाडी टाक," अक्का म्हणाली.

मुलीने टरकन फाडलं. आतलं वाचलं, आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय व्हयनं? वाच ना व."

वाचणं भाग होतं. मुलीने खाली मान घालून नानांचं संपूर्ण नाव वाचलं, पुढचं गंधमुक्तीचं वाचलं, आणि रडायला लागली. मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

अक्काने कागद हातात घेतला. डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"जलमभर कोनाच लगनले येळवर उना नई हाऊ म्हातारा," ती म्हणाली. "नातना लगनले बरा उना."

आधी अक्काच हसली. मग सगळी ओसरी हसली, आणि मुलगी रडता रडता हसली. मला मात्र आता रडू आलं, कारण अक्का पदराने डोळे पुसत होती.

नंतर तिने कागदाचे दोन तुकडे माझ्यापुढे धरले. फाडताना नानांचं नाव मधोमध तुटलं होतं.

"तुम्हनी खळ पक्की शे, विहीनबाई. हाई चिटकाडी द्या. मन्हाजोडे ऱ्हाऊ दे आठवन म्हनीसन."

मुलगी उठून स्वयंपाकघरात मैदा कालवायला गेली. मी पर्समधून चष्मा काढला, ती पत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, आणि मग नानांचं नाव जोडायला घेतलं.