जुना पत्ता

मन्मथ गेल्याचं मला वडवणीच्या बाजारात कळलं, आणि खरं सांगतो, मी मेथीची जुडी निवडत राहिलो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात... ते ज्यांना जमतं त्यांनी बोलावं.

केजच्या कॉलेजात नवे संगणक आले तेव्हा आम्ही दोघं त्या विभागात होतो, तो कायम आणि मी हंगामी. सगळे संगणक एका डब्याला, म्हणजे स्विचला, जोडलेले असत. कोणतं यंत्र कोणत्या तारेवर आहे हे स्विच आपणहून शिके आणि ते यंत्र काही मिनिटं गप्प राहिलं की त्याची नोंद पुसून टाके. मन्मथला हे खपेना. त्यानं स्विचचं पुसणं बंद केलं आणि ते काम स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामकडं दिलं. "डब्याला काय अक्कल हाय बे? शिकलेलं कवा पुसायचं ते मी ठरवीन," तो म्हणाला. तुझाच संगणक बंद असला तर पुसणार कोण, असं मी विचारलं. तो हसला. असं हसून त्यानं आयुष्यभर माणसं गप्प केली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी प्रिंटर दुसऱ्या खोलीत हलवायला लावला. प्रिंटर बिचारा आपणहून काही बोलत नाही, त्यामुळं नवी तार स्विचला कळली नाही, आणि जुनी नोंद पुसली न गेल्यानं तो प्रवेशपत्रं जुन्याच तारेवर धाडत राहिला. मन्मथ संगणक बंद करून, खोलीला कुलूप लावून धारूरला लग्नाला गेलेला. बाहेर पोरं ताटकळत उभी. संध्याकाळी तो परतला, प्राचार्यांनी जाब विचारला, तर माझ्याकडं न बघता म्हणाला, "ह्यानंच कायतरी केलं असंल." दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. त्याच आठवड्यात केजची खोली सोडून मी वडवणीला आलो.

तेराव्यानंतर केजला त्याच्या घरी गेलो, तो केवळ वहिनींसाठी. त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत माझ्या नावाची तीन पाकिटं होती, तिन्ही केजच्या त्याच खोलीच्या पत्त्यावर, तिन्ही परत आलेली. "लई वाट बघितली त्यांनी," वहिनी म्हणाल्या. वडवणी एका जीपच्या अंतरावर, पण नवा पत्ता विचारायचं त्याला सुचलं नाही. एक पाकीट फोडलं. आत एकच ओळ होती: चूक माझी हुती.

मला कळवायला तीन पाकिटं खर्ची घातली त्यानं... कॉलेजात प्राचार्यांची खोली त्याच्या खोलीला लागूनच होती, आणि ती कधीच हलली नव्हती.